शेरलॉक होम्सचे जनक : सर आर्थर कॉनन डॉयल

वाचनालयाच्या कपाटांत काही पुस्तके अशी असतात, की त्यांची बांधणी पुनःपुन्हा नव्याने करून घ्यावी लागते. हेरकथा आणि रहस्यकथा त्यांत बहुधा अग्रभागी असतात. रहस्य एकदा उलगडले की कथेतला रस संपला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असता, तर शेरलॉक होम्सच्या कथा एका वाचनानंतर कोणी हातात धरल्या नसत्या. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. छप्पन लघुकथा आणि चार कादंबऱ्या मिळून हा संसार १८८७ पासून १९२७ पर्यंत चाळीस वर्षे वाढत राहिला. मध्यंतरी लेखकाने कंटाळून नायकाला मृत्यूच्या दरीत लोटले आणि वाचकांनी त्याला तेथून परत आणविले. लेखक निवर्तला, त्यालाही नऊ दशके उलटून गेली. तरी वाचकवर्ग ओसरलेला नाही. उत्तर ठाऊक असूनही ज्या कथा वाचाव्याशा वाटतात, त्यांचे आकर्षण उत्तरापलीकडे कोठे तरी असले पाहिजे. ते शोधताना कथांइतकेच त्यांच्या कर्त्याचे चरित्रही उपयोगी पडते.

बालपण आणि शिक्षण

आर्थर इग्नेशियस कॉनन डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घराणे मूळचे आयरिश आणि कॅथलिक पंथाचे. आजोबा जॉन डॉयल हे लंडनमधील नामवंत व्यंगचित्रकार. काका रिचर्ड यांनी काढलेले ‘पंच’ या नियतकालिकाचे मुखपृष्ठ अनेक दशके चालू राहिले. आर्थर यांचे वडील चार्ल्स यांच्याकडेही चित्रकलेचा वारसा आला होता. पण ते सरकारी बांधकाम कचेरीतील साध्या नोकरीत अडकले आणि पुढे मद्याच्या आहारी गेले. नोकरी सुटली, प्रकृती आणि मन दोन्ही ढासळत गेले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मनोरुग्णालयांत काढली. संसाराचा भार आई मेरी यांनी ओढला. घरात भाडेकरू ठेवून, पै-पैचा हिशेब करून त्यांनी मुले वाढविली. स्वयंपाकघरात काम करता करता त्या मुलांना शूर सरदारांच्या आणि जुन्या घराण्यांच्या गोष्टी सांगत. कथेतील उत्कंठेच्या जागी आवाज खाली आणण्याची त्यांची हातोटी मुलाच्या मनावर कायमची बिंबली.

आर्थर यांना वाचनाचे विलक्षण वेड होते. घराजवळच्या एका लहानशा वाचनालयातून ते इतक्या झपाट्याने पुस्तके बदलून नेऊ लागले, की दिवसातून दोनदांपेक्षा अधिक वेळा पुस्तक बदलून मिळणार नाही, अशी सूचना वाचनालयाने त्यांच्या आईला दिली. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदविली आहे. पुढे लाखो वाचकांची भूक भागविणारा लेखक मुळात असा कधी न धालेला वाचक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

श्रीमंत नातलगांच्या मदतीने त्यांचे शिक्षण स्टोनीहर्स्ट येथील जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. मुलगा धर्मकार्याला वाहिला तर फी माफ करण्याची शाळेची तयारी होती; दारिद्र्य असूनही आईने ती सवलत नाकारली. १८७६ साली ते एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी दाखल झाले. तेथे त्यांना डॉ. जोसेफ बेल हे गुरू लाभले. करड्या डोळ्यांचे, धारदार नाकाचे हे शल्यचिकित्सक रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा व्यवसाय, गाव आणि सवयी सांगत. एकदा एक अनोळखी गृहस्थ तपासणीसाठी आला. हा नुकताच सैन्यातून मुक्त झालेला, हायलँड पलटणीतला, बार्बाडोस बेटावर नेमणूक असलेला मनुष्य आहे, असे बेल यांनी बघताक्षणीच सांगून टाकले. मग त्यांनी विद्यार्थ्यांना कारणे समजावून दिली. मनुष्य अदबशीर होता, पण त्याने टोपी काढली नाही, कारण सैन्यात ती काढीत नाहीत. सैन्य सोडून फार दिवस झाले असते, तर नागरी रीत त्याच्या अंगवळणी पडली असती. त्याला झालेला हत्तीरोग ब्रिटनमधला नव्हता, वेस्ट इंडिज बेटांतला होता. कारणे ऐकल्यावर सारे किती सोपे होते असे वाटे. ऐकण्यापूर्वी मात्र ती जादू भासे. या दोन क्षणांमधल्या आनंदावरच पुढे होम्सकथांची उभारणी झाली. डॉयल हे बेल यांच्या बाह्यरुग्ण विभागात कारकून म्हणून काम करीत असल्यामुळे ही रीत त्यांना अगदी जवळून पाहता आली.

डॉक्टरी आणि पहिली पुस्तके

शिक्षण चालू असताना, १८८० साली, ‘होप’ नावाच्या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन आले. पदवीनंतर पश्चिम आफ्रिकेची एक सफर झाली. १८८२ साली पोर्टस्मथजवळच्या साउथसी येथे त्यांनी दवाखाना थाटला, तेव्हा खिशात दहा पौंडही नव्हते. रुग्ण हळूहळू येत होते. मधल्या रिकाम्या वेळात ते कथा लिहीत. १८८५ साली लुइझा हॉकिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हेरकथेचा प्रकार त्यांनी शोधून काढलेला नव्हे. अमेरिकेत एडगर ॲलन पो यांनी आणि फ्रान्समध्ये गाबोरिओ यांनी ही वाट आधीच पाडली होती आणि डॉयल यांना दोघांचेही ऋण मान्य होते. मात्र त्या कथांतील नायकांना अनेकदा योगायोगाने यश मिळते, हे त्यांना खटकत असे. बेल यांच्यासारखा शास्त्रशुद्ध निरीक्षण करणारा माणूस गुन्ह्याच्या तपासात उतरला तर काय होईल, या विचारातून १८८६ साली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी लिहून झाली. अनेक प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आले. शेवटी वॉर्ड लॉक या प्रकाशनसंस्थेने सर्व हक्कांसह ते पंचवीस पौंडांना विकत घेतले आणि १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये छापले. या पुस्तकाचे त्यापलीकडे एक पैही त्यांना मिळाली नाही. पुढच्या वर्षी ते स्वतंत्रपणे निघाले, तेव्हा त्यातील चित्रे मनोरुग्णालयात असलेल्या वडिलांनी काढली होती.

या पहिल्याच कथेत हिंदुस्थानचा उल्लेख आहे. होम्सचा सोबती डॉ. वॉटसन हा लष्करी वैद्य मुंबई बंदरात उतरतो, तेथून आपल्या पलटणीच्या मागे अफगाणिस्तानात जातो आणि २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी होतो. ही लढाई काल्पनिक नव्हे. मुंबई लष्कराच्या पलटणी तीत लढल्या आणि ब्रिटिश फौजेचा तेथे मोठा पराभव झाला. खंगलेला, पेन्शनीवर जगणारा, लंडनमध्ये एकाकी पडलेला हा माणूस स्वस्तातली खोली शोधत असतो; त्यातून बेकर स्ट्रीटवरील बिऱ्हाड आणि एका अजोड मैत्रीचा आरंभ होतो.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ‘लिपिनकॉट्स’ मासिकाच्या प्रतिनिधीने लंडनच्या लँगहॅम हॉटेलात दोन तरुण लेखकांना भोजनास बोलाविले. एक डॉयल, दुसरे ऑस्कर वाइल्ड. या एका भोजनातून वाइल्ड यांची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ आणि डॉयल यांची ‘द साइन ऑफ फोर’ अशा दोन कादंबऱ्या जन्मल्या. दुसरीत १८५७ च्या काळातील आग्र्याचा किल्ला, लपविलेला खजिना आणि अंदमानची वसाहत येते. अंदमानी आदिवासीचे तिच्यातील चित्रण अज्ञानमूलक आणि अन्यायकारक आहे, हे आज स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

‘स्ट्रँड’ मासिक आणि मालिकेची कल्पना

१८९१ च्या प्रारंभी डॉयल व्हिएन्नाला जाऊन नेत्रविकारांचा थोडा अभ्यास करून आले आणि लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांनी जागा घेतली. रोज सकाळी दहा वाजता ते तेथे जाऊन बसत आणि दुपारी तीन-चारपर्यंत थांबत. दाराची घंटा एकदाही वाजली नाही. रुग्णांनी पाठ फिरविली, हे मराठीसह जगातील सर्व भाषांतील वाचकांवर उपकारच म्हणायचे. कारण त्या शांत खोलीत होम्सच्या लघुकथा सुचल्या.

जॉर्ज न्यूनेस यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ हे सहा पेन्सचे सचित्र मासिक सुरू केले होते. त्या काळच्या मासिकांत क्रमशः कादंबऱ्या येत. एखादा अंक चुकला की वाचकाचा धागा तुटे आणि तो मासिकच सोडून देई. सुट्या कथांत ही अडचण नव्हती, पण वाचकाला पुढच्या अंकाशी बांधून ठेवणारेही त्यांत काही नव्हते. डॉयल यांनी दोहोंचा मेळ घातला. नायक तोच, कथा मात्र प्रत्येक अंकात पूर्ण. आज मालिका म्हटले की हीच रचना डोळ्यांसमोर येते. त्या काळी ती कल्पना नवी होती. जुलै १८९१ च्या अंकात ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ आली आणि काही महिन्यांतच होम्स घराघरांत पोहोचला. सिडनी पॅजेट यांच्या चित्रांनी त्याला चेहरा दिला. ती प्रसिद्ध शिकारी टोपीही पॅजेट यांच्याच कुंचल्यातून आली. पहिल्या कथांना सुमारे पस्तीस पौंड मिळत. लवकरच डॉयल यांनी कथेमागे पन्नास पौंड मागितले, आणि त्यानंतरच्या बारा कथांसाठी एक हजार पौंड. संपादकांनी ताबडतोब होकार दिला.

या यशाचे मर्म नुसत्या कोड्यांत नाही. काही कोडी तर तपासणीला टिकतही नाहीत. ‘द स्पेकल्ड बँड’मधील साप दूध पितो, शिटीला ओ देतो आणि दोरीवरून चढउतार करतो, असा साप हिंदुस्थानात काय, कोठेच सापडायचा नाही. वॉटसनची जखम एका कथेत खांद्याला आहे, तर दुसरीत पायाला. वाचकांनी या चुका हेरल्या आणि प्रेमाने पोटात घातल्या. कारण ते कथेत येतात ते आधी त्या खोलीसाठी. बाहेर धुके, आत शेकोटी, एक मित्र व्हायोलिन वाजवितो आहे, दुसरा वर्तमानपत्र वाचतो आहे, आणि जिन्यावर पावले वाजतात. येणारा माणूस गांगरलेला असतो. होम्स त्याला खुर्ची देतो आणि पहिल्यापासून सारे सांगायला लावतो.

येणारे हे लोक कोण असतात, ते पाहण्यासारखे आहे. बोहेमियाचा राजा क्वचितच येतो. बाकी टंकलेखनावर पोट भरणारी मुलगी, नव्या नोकरीबद्दल शंका आलेली शिक्षिका, काम नसलेला तरुण इंजिनिअर, गहाणवटीचा लहान दुकानदार अशी माणसे असतात. पोलिसांनी त्यांची तक्रार हसण्यावारी नेलेली असते, किंवा ती नोंदविण्याजोगी आहे असे त्यांना स्वतःलाच वाटत नसते. होम्स मात्र प्रत्येक बारकावा ऐकून घेतो. बाहीची झीज, बुटावरचा चिखल, बोटावरची शाई ही त्याच्या लेखी साक्ष असते. अनेक कथांत कायद्याने म्हणावा असा गुन्हा घडलेलाच नसतो. काहींत तो गुन्हेगाराला सोडूनही देतो. नाताळच्या दिवसांतल्या ‘द ब्लू कार्बंकल’मध्ये भेदरलेल्या चोराला तो दार उघडून देतो, कारण तुरुंगाने तो कायमचा बिघडेल असे त्याला वाटते. जगात कोणी तरी आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकेल, नीट पाहील आणि मग निवाडा करील, हे आश्वासन प्रत्येक कथा नव्याने देते. उत्तर ठाऊक असले तरी ते आश्वासन शिळे होत नाही.

नायकाचा मृत्यू आणि पुनरागमन

स्वतः डॉयल यांना हे सारे फार मोलाचे वाटत नव्हते. ‘मायका क्लार्क’, ‘द व्हाइट कंपनी’ यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी त्यांनी शेकडो ग्रंथ वाचले होते. आपले नाव राहिले तर त्यांमुळे राहावे, ही त्यांची मनीषा होती. होम्स त्या मार्गात आडवा येतो, असे त्यांना वाटू लागले. १८९१ च्या अखेरीसच त्याला संपविण्याचा बेत त्यांनी आईला कळविला. आईने तो हाणून पाडला आणि एका नव्या कथेची कल्पनाही सुचविली. १८९३ साल मात्र सर्व बाजूंनी कठीण गेले. पत्नीला क्षयाने ग्रासल्याचे निदान झाले, ऑक्टोबरात वडील वारले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये पाहिलेला रायखेनबाखचा प्रचंड धबधबा त्यांच्या मनात होता. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’मध्ये ‘द फायनल प्रॉब्लेम’ प्रसिद्ध झाली आणि होम्स आपल्या वैऱ्यासह त्या धबधब्यात नाहीसा झाला.

वाचकांना हा आघात सोसला नाही. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले, असे सांगतात. लेखकाकडे विनवण्यांची आणि शिव्याशापांची पत्रे आली. डॉयल बधले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १९०० साली, ब्लूमफाँटेन येथील एका खाजगी लष्करी इस्पितळात त्यांनी विषमज्वराच्या साथीत रुग्णसेवा केली. युद्धातील ब्रिटनची बाजू मांडणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. १९०२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तत्पूर्वी १९०१ मध्ये डार्टमूरच्या ओसाड माळावरील एका श्वानाच्या दंतकथेवरून त्यांनी ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ लिहायला घेतली आणि तिच्यासाठी होम्सला बोलाविले. मात्र कथानक त्याच्या मृत्यूपूर्वीच्या काळातले ठेवले. ‘स्ट्रँड’च्या कचेरीपुढे रांगा लागल्या. १९०३ साली अमेरिकेच्या ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकाने तेरा कथांसाठी पंचेचाळीस हजार डॉलर देऊ केले, आणि ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत होम्स जिवंत परतला. दरीत तो पडलाच नव्हता, हा खुलासा वाचकांनी आनंदाने मान्य केला. लेखकाने निर्मिलेले पात्र आता त्याच्या एकट्याच्या मालकीचे उरले नव्हते.

एक खरा अशील

४ जुलै १९०६ रोजी पत्नी लुइझा निवर्तल्या. त्यानंतर काही महिने डॉयल यांचे मन कशातच लागेना. अशा वेळी त्यांच्याकडे आलेल्या कागदपत्रांत जॉर्ज एदलजी या तरुणाची हकीकत होती. मराठी वाचकाला ती विशेष जवळची वाटावी. जॉर्जचे वडील शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि गुजराती भाषेचे व्याकरण व कोश सिद्ध केले. पुढे इंग्लंडला जाऊन स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वर्ली या खाणींच्या गावी ते धर्मगुरू झाले. पत्नी इंग्लिश होती. काळ्या वर्णाचा माणूस आपला पाद्री म्हणून आला, हे गावातील काही जणांना रुचले नाही. या कुटुंबाला वर्षानुवर्षे निनावी, घाणेरडी पत्रे येत राहिली आणि त्यांचे खापर पोलिसांनी घरातल्या मुलावरच फोडले.

जॉर्ज अभ्यासू निघाला, सॉलिसिटर झाला आणि सामान्य प्रवाशांसाठी त्याने रेल्वे कायद्यावर एक छोटे पुस्तकही लिहिले. १९०३ साली त्या भागात रात्री घोडे आणि गुरे यांची पोटे फाडण्याचे भीषण प्रकार सुरू झाले. पोलिसांनी जॉर्जला पकडले. बाप-लेक एकाच खोलीत झोपत, दाराला आतून कुलूप असे आणि आपली झोप हलकी असल्याचे धर्मगुरूने शपथेवर सांगितले. ते मानले गेले नाही. जॉर्ज अटकेत असतानाही एक घोडा मारला गेला, त्याचीही दखल घेतली गेली नाही. सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि वकिलीची सनद गेली. दहा हजार लोकांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता त्याला सोडण्यात आले. निर्दोष ठरविले नाही आणि दोषी का मानले तेही सांगितले नाही. असा माणूस जाणार कोठे?

डॉयल यांनी त्याला लंडनमधील एका हॉटेलात भेटीस बोलाविले. ते पोहोचले तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरपा धरलेला. एकदाही रुग्ण न आलेल्या नेत्रतज्ज्ञाला तेवढे पुरेसे होते. तीव्र लघुदृष्टी आणि जोडीला दृष्टिवैषम्य असलेला हा मनुष्य अंधाऱ्या रात्री कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, माळावरचे जनावर गाठतो, हे डॉयल यांना अशक्य वाटले. पण पहिल्या नजरेवर ते विसंबले नाहीत. डोळ्यांची तपासणी तज्ज्ञाकडून करविली. ते ग्रेट वर्लीला गेले, वाट पायी चालून पाहिली, पुरावा एकेक करून तपासला. जॉर्जच्या कोटावर घोड्याचे केस सापडले होते खरे. परंतु कोट आणि मेलेल्या घोड्याच्या कातड्याचा तुकडा पोलिसांनी एकत्र नेले होते, हे त्यांनी दाखवून दिले. निनावी पत्रांतील अक्षर जॉर्जचे आहे असे सांगणारा हस्ताक्षरतज्ज्ञ ॲडॉल्फ बेक या दुसऱ्या निरपराध माणसाच्या खटल्यातही चुकला होता.

जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये डॉयल यांचे लेख आले. कोणाही वृत्तपत्राने ते विनामूल्य पुनर्मुद्रित करावेत, अशी मुभा त्यांनी दिली होती. देशभर खळबळ उडाली, ती होम्सच्या कर्त्याने लिहिले म्हणूनच. गृहखात्याला समिती नेमावी लागली. मे महिन्यात जॉर्जला गुरांच्या गुन्ह्यातून माफी मिळाली. पण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असावीत असा ठपका कायम ठेवून नुकसानभरपाई नाकारण्यात आली. सनद मात्र परत मिळाली. याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. बेक आणि एदलजी या दोन प्रकरणांनी त्यासाठी लोकमत तयार केले होते. १८ सप्टेंबर १९०७ रोजी डॉयल यांनी जीन लेकी यांच्याशी दुसरा विवाह केला, तेव्हा निमंत्रित पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता.

कथेत पंधरा-वीस पानांत जे साधते, ते प्रत्यक्षात अर्धेमुर्धेच साधले. ऑस्कर स्लेटर या ज्यू गृहस्थाच्या बाबतीत तर त्याहून अधिक काळ लागला. ग्लासगोतील एका वृद्धेच्या खुनाबद्दल १९०९ साली त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ती जन्मठेपेत बदलली गेली. डॉयल यांनी १९१२ मध्ये त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली आणि पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२७ साली तो सुटला. १९२८ मध्ये शिक्षा रद्द होऊन सहा हजार पौंड भरपाई मिळाली. खटल्याच्या खर्चावरून दोघांत कटुता आली, हेही खरे. स्लेटर त्यांना माणूस म्हणून आवडत नव्हता. तरीही त्यांनी त्याची बाजू सोडली नाही. न्याय आवडीनिवडीवर अवलंबून नसतो, हे तत्त्व त्यांनी व्यवहारात पाळले.

अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धाच्या काळात डॉयल परलोकविद्येकडे उघडपणे वळले. मुलगा किंग्स्ली १९१८ साली आणि भाऊ इनेस १९१९ साली गेला. मृतात्म्यांशी संवाद होऊ शकतो, या श्रद्धेच्या प्रसारासाठी त्यांनी पैसा, प्रकृती आणि कीर्ती पणास लावली. १९२० साली ऑस्ट्रेलियाच्या व्याख्यानदौऱ्यावर जाताना त्यांचे जहाज मुंबईलाही थांबले होते. त्याच सुमारास कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली. ती कागदी आकृत्यांची होती, अशी कबुली त्या मुलींनी वृद्धपणी, १९८३ मध्ये दिली. पुराव्याविना काहीही न मानणाऱ्या होम्सच्या जनकाने असे फसावे, याचे जगाला हसू आले. मात्र त्यांनी आपल्या श्रद्धेला होम्सच्या दारात कधी येऊ दिले नाही. एका उत्तरकालीन कथेत रक्तपिपासू पिशाच्चाची शंका येते, तेव्हा होम्स ती झिडकारतो आणि साधे, मानवी, दुःखद कारण शोधून काढतो. लेखकाला जे स्वतःसाठी जमले नाही, ते त्याच्या पात्राने अखेरपर्यंत पाळले. १९२७ साली शेवटची होम्सकथा प्रसिद्ध झाली आणि ७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथील राहत्या घरी डॉयल यांचे निधन झाले.

त्यांनी घालून दिलेली रीत मागे राहिली आणि देशोदेशी रुजली. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षीला आणि सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये फेलुदाला जन्म दिला, तेव्हा शेजारी गोष्ट सांगणारा सोबती ठेवण्यास दोघेही विसरले नाहीत. मराठीत भालबा केळकरांनी होम्सच्या कथा आणल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून झुंजार, धनंजय यांसारखे नायक घरोघरी नेले, तर गोव्याशी नाते असलेल्या गुरुनाथ नाईकांनी पुढच्या पिढीला रहस्यकथांचे वेड लावले. अनेकांच्या वाचनाची सुरुवात अशा मालिकांनी झाली आणि त्याच वाटेने ते पुढे इतर ग्रंथांकडे वळले. या पुस्तकांना दुय्यम लेखण्याची प्रथा जुनी आहे. खुद्द डॉयल यांनीही ती पाळली.

त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आज अभ्यासकांपुरत्या उरल्या आहेत. बेकर स्ट्रीटच्या पत्त्यावर मात्र होम्सच्या नावाने पत्रे येत राहिली. १९३२ पासून त्या जागी असलेल्या एका गृहकर्ज संस्थेला त्यांना उत्तरे देण्याची व्यवस्थाच करावी लागली. पत्र लिहिणाऱ्या सर्वांना होम्स ही कल्पना आहे हे ठाऊक नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. आपली अडचण कोणी तरी मन लावून ऐकावी, ही माणसाची गरज खरी असते. डॉयल यांनी त्या गरजेला एक पत्ता दिला, आणि जॉर्ज एदलजी समोर आला तेव्हा त्या पत्त्यावर ते स्वतः हजर राहिले.